पिठाचा हात

बोनकोड्यातल्या आमच्या घराची पडवी ओलांडली की समोर एक भिंत यायची. त्या भिंतीबद्दल मी आजवर कोणाशी धड बोललेलो नाही. धंद्यातल्या माणसांशी बोलावं तर ती त्याचाही भाव करतात, आणि भाव करायला बसलो की मी कोणाचं ऐकत नाही, हे माझ्याशी एकदा व्यवहार केलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आता वय झालं आहे. राग तेवढाच आहे, पण तो सांभाळून ठेवायला अंगात पूर्वीसारखं बळ नाही. म्हणून लिहितो.

दर वर्षी दिवाळीच्या आधी आय त्या भिंतीला चुना द्यायची. आदल्या दिवशी पत्र्याच्या डब्यात चुन्याचे खडे भिजत घालायची, आणि डबा बराच वेळ पोटात काही शिजत असल्यासारखा गुडगुडत राहायचा. निवला की त्यात चिमूटभर नीळ पडायची. मग दोन दिवस घरभर चुन्याचा तो कोरडा वास असायचा, तो ओटीवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासालाही मागे सारायचा. काथ्याचा कुंचा घेऊन आय एकटीच स्टुलावर चढायची. गडी लावू म्हटलं तर म्हणायची, लोकांना माजी भित नाय कलत. बाबा मिठागर बंद पडल्यापासून एका कारखान्याच्या फाटकावर बसत. ते घरी आले की स्टूल धरून उभे राहत आणि मधूनच खालून सांगत, इथं राहिला, तिथं राहिला. आय वरून म्हणायची, तुमी डोले मिटा नि स्टूल धरा.

माझी बहीण वनिता माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमच्या घराचा आवाज म्हणजे वनीचा आवाज. सकाळी तांदळाची भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा एक ठरलेला ठेका असायचा, आणि तो थांबला की मी झोपेतूनच ओळखायचो, आता भाकरी तव्यावर गेली. पहिली भाकरी कोणाची, यावरून आमची रोज भांडणं. मी तेव्हाही घासाघीस करायचो. पहिली मला दे, तुझं पाणी मी भरतो. पाणी मी कधी भरलं नाही. अशाच एका भांडणात मी रागाने मधलं दार आपटलं आणि तिची उजव्या हाताची करंगळी सापडली. हाड नीट बसलं नाही. ती करंगळी जन्मभर बाहेर वाकलेली राहिली. वनी कोणी विचारलं की सांगायची, दारात माझाच हात गेला. माझं नाव तिने कधी घेतलं नाही. त्याचीही मला तेव्हा चीड यायची, का ते आजही नीट सांगता येत नाही.

आमच्या घरात एक रीत होती. मुलीला हळद लागली की तिने तांदळाच्या पिठात हळद कालवून त्यात उजवा हात बुडवायचा आणि तो मधल्या दाराशेजारी भिंतीवर उमटवायचा. मुलगी जाते, तिचा हात घरात राहतो. दिवाळीला चुना दिला की तो हात झाकला जायचा, आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. आत्यांचे हात असेच चुन्याखाली गेले होते. वनीचं लग्न उरणकडच्या एका गावात झालं आणि पुढची दिवाळी यायच्या आधीच ती काविळीने गेली. आम्ही पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. आय रडली नाही. तिने चादरीखालून वनीचा उजवा हात काढला, करंगळीवरून बोट फिरवलं आणि परत आत ठेवला.

त्या दिवाळीला आयने चुना दिला, पण कुंचा त्या हाताशी आला की ती थांबायची आणि बोटाबोटाच्या कडेने फिरून पुढे जायची. दर वर्षी असंच. भोवतीच्या चुन्याचे थर वाढत गेले आणि हात तेवढा आत राहिला. पाच-सहा वर्षांत भिंतीत हाताच्या आकाराची खळगीच तयार झाली. सकाळी केर काढून झाला की आय त्या खळगीत आपला पंजा ठेवायची. फार वेळ नाही, चुलीवरचा चहा वर येईपर्यंत. वाकड्या करंगळीची जागा सोडली तर तिचा हात तिथे बरोबर बसायचा.

याच काळात मी वाशीतल्या एका स्टुडिओत लागलो. परदेशी कंपन्यांच्या व्हिडिओ गेमची कामं तिथे यायची. बाकीची मुलं मुंबईच्या चित्रकला महाविद्यालयांतली. मी एक कोर्स केलेला गावठाणातला मुलगा, म्हणून मला दाराजवळचं सगळ्यात हळू चालणारं मशीन. माझं काम टेक्श्चरचं. गेममधली घरं म्हणजे नुसते खोके असतात, त्यांच्यावर भिंतीचा फोटो चिकटवावा लागतो. पण अख्ख्या गावाला पुरेल एवढा मोठा फोटो त्या वेळच्या मशीनना झेपत नसे. म्हणून एकच चौकोनी तुकडा करायचा आणि फरश्या बसवतात तसा तो शेजारी शेजारी, वरखाली, हवा तितका लावत जायचा. तुकड्याची डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला अशी मिळाली पाहिजे की सांधा दिसता कामा नये. आणि तुकड्यात डोळ्यात भरेल असं काही नको. एखादा डाग, एखादी चीर राहिली तर ती दर दोन पावलांवर परत येते आणि खेळणाऱ्याला कळतं की ही भिंत नाही, चिकटवलेला कागद आहे. आमचे मुख्य कर्णिक सर म्हणायचे, भिंतीला चेहरा नसावा. हे काम मला जमलं. इतरांना त्याचा कंटाळा यायचा, मला नाही. आयचा कुंचा बघत मी मोठा झालो होतो.

मग एक मोठं काम आलं. कुठल्या तरी उष्ण, गरीब, नाव नसलेल्या देशातलं एक गाव, त्याच्या गल्ल्यांतून एक सैनिक बंदूक घेऊन पळतो. आम्ही केलेल्या भिंती गिऱ्हाइकाने तीनदा परत पाठवल्या. दुकानातून आणल्यासारख्या दिसतात, म्हणाले. कर्णिक सरांचा चेहरा उतरला होता. मी संधी बघून आत गेलो आणि सांगितलं, माझ्याकडे भिंत आहे, पण माझ्या अटी आहेत. भिंत माझी, तर ते सगळं गाव माझं. जमिनी, छपरं, भिंती सगळं माझ्या हाताखाली, मदतीला दोघं, आणि गेमच्या शेवटी नावांची यादी येते तिच्यात माझं नाव. सर हसले. म्हणाले, बाळकृष्ण, तू इथे आर्टिस्ट आहेस की भाजी मार्केटात बसतोस? मी म्हटलं, सर, मार्केटात बसतो म्हणूनच माल ताजा आहे. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी कबूल केल्या. तिसरीवर म्हणाले, बघू. मी तेव्हा कोवळा होतो. ‘बघू’ हा नकारच असतो, हे आज मी माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो.

ऑफिसचा कॅमेरा घेऊन मी घरी आलो. ढगाळ दिवस निवडला, कारण ऊन असलं की सावल्या पडतात आणि सावली असलेला तुकडा जोडता येत नाही. भिंतीसमोर सरळ उभा राहून डावीकडून उजवीकडे एकेक पाऊल सरकत फोटो घेतले. आय पदराला हात पुसत बाहेर आली. फोटो कशासाठी, ते मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "म्हन्जे वनीचा हात तिकडं परदेशात दिसंल?" मी म्हटलं, दिसेल. तिने पदराच्या टोकाने त्या खळगीतली धूळ हलक्या हाताने काढली आणि मला जागा करून दिली.

भिंतीत सगळ्यात जिवंत तुकडा तोच होता. बाकी सगळीकडे कुंच्याचे फराटे सरळ, तिथे ते हाताभोवती वळलेले, थरावर थर चढलेले. मी तोच घेतला. आयला शब्द दिला होता म्हणून हात तसाच ठेवला आणि गावाला लावून पाहिला. पडद्यावर गल्ली उघडली तर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, दर दोन पावलांवर, वाकडी करंगळी असलेला एकेक हात. चाळीस-पन्नास असतील. एका मुलीला भिंतीत चिणलं आहे आणि ती प्रत्येक घरातून हात बाहेर काढते आहे असं वाटत होतं. सगळे माझ्या मशीनभोवती जमले. कोणीतरी म्हणालं, काय रे, ट्रॅफिक पोलीस भरले का गावात? हशा झाला. सर मागे उभे होते. ते हसले नाहीत. "भिंत उत्तम आहे," ते म्हणाले. "हात काढ."

मी बोलू शकत होतो. तो हात कोणाचा, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. पण सौदा करताना आपला जीव कशात अडकला आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, हे मी लहानपणापासून पाळत आलो होतो. कळलं की तो तिथेच बोट ठेवून दाबतो. आणि गाव अजून माझ्या हातात पुरतं आलं नव्हतं. मी म्हटलं, अर्ध्या तासात देतो. शेजारचा चुना उचलायचा आणि हातावर लावायचा, एवढंच काम. करंगळी आधी गेली, कारण ती कडेला होती. तळवा गेला. पण हात गेला तरी फराटे त्याच्या भोवती वळतच राहिले, जणू कुंच्याला अजून माहीत होतं. मग तेही एकेक सरळ केले. शेवटी मलाही सांगता येईना की तो कुठे होता. गिऱ्हाइकाने एका दिवसात होकार कळवला. सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आयला मी काही सांगितलं नाही. मूळ फोटो होते ना, तेव्हा बिघडलं काय होतं?

पुढच्या वर्षी बाबा गेले आणि आमच्या गल्लीत बिल्डर आला. घर पाडून इमारत, वरच्या मजल्यांवर आमच्या खोल्या. त्याच्याशी बोलायला गावाने मला पुढे केलं आणि मी त्याला रडवला. आजही बोनकोड्यात म्हातारी माणसं त्या बोलण्याची नक्कल करून दाखवतात. आयने मात्र माझ्याकडे एकच मागितलं. तेवढा तुकडा कापून दे. मी गवंड्याला आणलं. त्याने छिन्नीने कड ठोकून पाहिली आणि माती भुरभुर खाली आली. आत विटा कच्च्या होत्या. म्हणाला, अख्खा निघणार नाय, हातात भुसा येईल. आय घर सोडायला तयार होईना. सगळ्या गल्लीचं काम तिच्यापाशी अडलं. तेव्हा मी तिला म्हटलं, आय, ऑफिसात फोटो आहे, भिंतीएवढा मोठा करून आणतो, रेघ न रेघ दिसेल. "जसाच्या तसा?" तिने विचारलं. मी म्हटलं, जसाच्या तसा. मग ती उठली आणि भांडी बांधायला लागली. दुसरा एखादा फोटो काढून ठेवावा असं माझ्या मनातही आलं नाही. असलेल्या वस्तूची कोणी परत तजवीज करतं का? घर पाडलं त्या दिवशी ती शेजारच्या सेक्टरातल्या भाड्याच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. बुलडोझरचा आवाज तिथपर्यंत येत होता.

घर पाडल्यावर दोन दिवसांनी मी ऑफिसात गेलो आणि ते फोटो शोधले. नव्हते. काम संपलं की मूळ फोटो पुसायचे, असा गिऱ्हाइकाशी करार होता. शुक्रवारी पुसणार आहोत, कोणाला काही हवं असेल तर सांगा, असा मेल सगळ्यांना गेला होता. तो आठवडा मी रजेवर होतो, बिल्डरकडून एक जास्तीची गॅलरी काढून घेत होतो. मेल मी वाचला नाही, हे खरं. पण वर्षभर ज्याच्या भिंतीवर तुम्ही जेवलात त्याला माणूस एक फोन करतो की नाही? हाच माझा सवाल आहे आणि तो मी अजून मागे घेतलेला नाही. गेमच्या शेवटच्या यादीत माझं नाव नव्हतं तेही मी विसरलेलो नाही. पण त्या दिवशी कर्णिक सरांच्या केबिनमध्ये मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं, "सर, तो हात माझ्या बहिणीचा होता. ती नाहीये."

कर्णिक सर हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी बोलला असतास तर मी दुसरा तुकडा घ्यायला लावला असता. आणि पुसलास तो तूच ना?"

माझ्या हातात चित्रं काढायचा पेन होता. तो मी त्यांच्या मागच्या काचेवर फेकला आणि निघालो. पुन्हा त्या इमारतीत पाय ठेवला नाही. नंतर महिन्याभराने भाड्याच्या खोलीवर कुरिअरने एक सीडी आली, सोबत चिठ्ठी नाही. तिच्यात ती भिंत होती, शेवटची, माझ्या हातची, गुळगुळीत. करार मोडून कर्णिक सरांनीच ती पाठवली होती हे मला कळत होतं. ही मेहरबानी मी मोजत नाही. अलीकडे एका कार्यक्रमात ते समोर आले. काठी घेऊन चालत होते. त्यांनी हात पुढे केला आणि मी फोन आल्यासारखं करून बाजूला झालो.

आय रोज विचारत नव्हती. नव्या घराचा ताबा मिळाला, भिंतींना तकतकीत प्लॅस्टिक पेंट लागला, आणि तिने स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी स्वतः एक खिळा ठोकून घेतला. बस, एवढंच. त्या खिळ्याकडे बघून मला जेवण जाईना. शेवटी मी तेच केलं जे मला येत होतं. पिठात हळद कालवली, माझाच उजवा हात काळ्या कागदावर उमटवला, त्याचा फोटो काढला. तो लहान केला, बोटं बारीक केली, करंगळी बाहेर वाकवली. मग तो सीडीतल्या भिंतीत बसवला, कडांना चुन्याचे थर चढवले, सावली दिली, आणि जे फराटे मी सरळ केले होते ते परत एकेक करून त्याच्या भोवती वळवले. आठ दिवस लागले. आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलेलं नाही. मोठा प्रिंट काढला, काचेची चौकट करून घेतली आणि खिळ्याला लावली.

आय समोर उभी राहिली. पदर सावरला आणि काचेवर पंजा ठेवला. कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.

"करंगली वनीचीच हाय," ती म्हणाली. मी हो म्हटलं. तिने हात तसाच ठेवला होता. "पन अंगठा तुजा हाय, बाल्या. असा बुडाशी रुंद, तो तुज्या बापाचा. वनीचा माज्यावर गेलता."

तिने हात काढून घेतला. मला वाटलं, आता चौकट उतरवायला सांगेल.

"ऱ्हाउं दे," ती म्हणाली. "चांगला केलास." आणि कुकर उतरवायला वळली.

त्यानंतर तिने त्या काचेवर पुन्हा कधी हात ठेवलेला मी पाहिला नाही. त्या विषयावर आम्ही बोललोही नाही. मी माझा धंदा उभा केला. माझ्याकडे आज एकही मूळ फोटो पुसला जात नाही. कपाट भरून डिस्क आहेत, आणि नवीन मुलं मागे हसतात की साहेब भंगार जमवतात. हसू देत. आय जाऊन आता काही वर्षं झाली. तिचे दिवस झाल्यावर माझी बायको स्वयंपाकघर धुवायला काढत होती. तिने चौकट पुसायला फडकं उचललं आणि मला हाक मारली, जरा इकडे या, हे बघा.

काच स्वच्छ होती, लखलखीत, आय रोज पुसायची तशी. फक्त मध्ये एक जागा मळकट होती. फोडणीची वाफ, बोंबील तळतानाचं तेल आणि धूळ, सगळं तिथे वर्षानुवर्षं साचून पिवळसर साय धरली होती. आयचं फडकं हाताशी आलं की थांबत असणार आणि बोटाबोटाच्या कडेने फिरून पुढे जात असणार, कुंचा जायचा तसंच. मी चष्मा लावून जवळ गेलो. त्या साईची कड माझ्या चित्राच्या कडेवरून जात होती, तळव्याशी, चारही बोटांशी, वाकड्या करंगळीशी. अंगठ्यापाशी मात्र ती आत वळली होती. माझा अंगठा बाहेर राहिला होता, पुसलेल्या काचेखाली, आणि त्याच्या आत तेलाधुळीचा एक बारीक, निमुळता अंगठा होता.

ती काच मी अजून कोणाला पुसू दिलेली नाही.